इंदूरचे सगळे उतार ठाऊक असलेले मामा

पेट्रोल वाचावं म्हणून पृथ्वी जराशी तिरकी असायला हवी होती, असं मनापासून वाटणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझ्या सासूबाईंचा धाकटा भाऊ आहे. नात्यानं ते माझे मामेसासरे. घरात, गल्लीत आणि हळूहळू अर्ध्या सुदामा नगरात सगळेच त्यांना मामा म्हणतात. त्यांची सगळी नोकरी पाणी खात्यात गेली, पाइपलाइन टाकण्यात. कुठल्या चौकाची पातळी किती, कुठून पाणी आपोआप पुढं सरकेल आणि कुठं पंप बसवावा लागेल, हे ते कागद न बघता सांगायचे. निवृत्त झाल्यावर माणसं अशा ज्ञानाचं लोणचं घालून ठेवतात. मामांनी ते गाडीला लावलं. पेट्रोलचा भाव जसजसा वर गेला तसतसे शहरातले सगळे उतार त्यांना नव्यानं आठवू लागले. "पाणी जिथून फुकट जातं तिथून गाडी फुकट का नाही जाणार?" हा त्यांचा सिद्धांत, आणि त्याच्या सिद्धीसाठी त्यांनी आम्हा सगळ्या नातेवाइकांना एकदा तरी गाडीत बसवून फिरवलेलं आहे.

मामांबरोबर कुठंही जायचं म्हणजे ते ठिकाण आधी दुरून बघून घ्यायचं. राजवाड्याजवळच्या एका हॉलमध्ये लग्नाला निघालो होतो. हॉल डाव्या हाताला दिसला, रोषणाई दिसली, दारात उभी असलेली आमची माणसंही दिसली, आणि मामा पुढं निघून गेले. मागं बसलेल्या माझ्या मुलीनं विचारलं, "मामाआजोबा, हॉल तर मागे राहिला ना?" मामा शांतपणे म्हणाले, "हॉल खाली आहे बेटा. आपण वरून येऊ." मग आम्ही एक मोठा वळसा घेतला, मिठाईचं एकच दुकान दोनदा पाहिलं, आणि शेवटच्या गल्लीतून गाडी कसलाही आवाज न करता, एखादी पालखी यावी तशी हॉलसमोर येऊन थांबली. मी हिशेबी बाई. मी म्हटलं, "मामा, दोन किलोमीटर जास्त झाले." मामा म्हणाले, "झाले. पण ते आपण नाही चाललो, जमीन चालली."

त्यांची गाडी जुनी, छोटी आणि पांढरी. तिच्यातून जे जे निघण्यासारखं होतं ते मामांनी काढून टाकलं होतं. पायपुसणी, मागच्या सीटची गादी, राखेची डबी, मागची फळी. समोर पितळी गणपती होता, तो घरात देवघरात गेला आणि त्याच्या जागी कागदी गणपती आला. "देवाला वजन नसतं," असं त्यांचं स्पष्टीकरण. सामानासाठी डिकीत एक लटकवायचा काटा असे, आणि प्रत्येक पिशवी त्यावरून गेल्याशिवाय गाडीत जात नसे. देपालपूरला एका बारशाला जायचं होतं, तेव्हा सासूबाईंनी रीतीप्रमाणे शेवेचं पुडकं घेतलं. मामांनी ते काट्याला लावलं. "ताई, दोन किलो शेव? देपालपूरला शेव मिळत नाही का?"

"आपली वेगळी असते."

"मग एक किलो इथंच खाऊन घ्या सगळे."

"खाल्ली तरी आम्ही तुझ्याच गाडीत बसणार ना रे?" सासूबाई म्हणाल्या.

मामांनी काटा परत डिकीत टांगला. शेव गेली, पण जाताना मामांनी माझ्या नवऱ्याला मोटारसायकलनं यायला लावलं.

पेट्रोल भरायला ते पहाटे जात, कारण थंडीत पेट्रोल आकसतं आणि त्याच मापात जास्त बसतं, असं त्यांचं म्हणणं. हे खरं की खोटं मला माहीत नाही. मी एकदा त्यांच्याबरोबर होते म्हणून पुढचं मात्र डोळ्यांनी पाहिलंय. अर्धी टाकी भरली की मामा खाली उतरत, गाडीच्या मागच्या बाजूला दोन्ही हात लावत आणि गाडी हलकेच हलवत. पंपावरचा माणूस म्हणाला, "चाचा, गाड़ी को झूला झुला रिये हो क्या?" मामा हलवता हलवताच म्हणाले, "भिया, डब्बे में आटा भरते हो तो ठोकते हो के नहीं?" त्या माणसानं क्षणभर विचार केला आणि दुसऱ्या बाजूनं तोही हलवायला लागला. इंदूरचं हेच मला आवडतं, इथं एखादी गोष्ट पटायला फार वेळ लागत नाही.

गाडी ते अनवाणी चालवत. चप्पल काढून शेजारी ठेवायची, आणि उजव्या पायाच्या अंगठ्यानं इंजिनाची नाडी बघायची. ब्रेकवर त्यांचा राग होता. "ब्रेक दाबणं म्हणजे आपण आधी विचार केला नव्हता, याची कबुली," असं ते म्हणत. लाल सिग्नल दिसला की अर्धा फर्लांग आधीपासून ते गाडी सोडून देत, आणि गाडी अशी रमतगमत पुढं जाई की पोचेपर्यंत सिग्नल हिरवा होई. मागचे लोक हॉर्न वाजवत. मामा आरशातही बघत नसत. "वाजवू दे. त्यांच्याकडे पेट्रोल जास्त आहे."

आणि अ‍ॅव्हरेज. हा शब्द त्यांनी गाड्यांपुरता ठेवला नाही. माणूस चांगला की वाईट हे मामा बोलत नसत. कोण किती खातं आणि त्यात किती चालतं, एवढं ते बघत. आमच्या घरी येणारी कामवाली एक कप चहावर तीन खोल्या पुसते म्हणून ती त्यांच्या मते सगळ्या घरात सरस. या बोलण्यानं एकदा मोठा घोटाळा झाला. माझ्या नणंदेच्या मुलीच्या लग्नात नवऱ्याकडच्यांनी दारात एक भलीमोठी नवी गाडी आणून उभी केली होती. मामांनी तिला फेरी मारली, वाकून खाली पाहिलं आणि शेजारच्या माणसाला मोठ्यानं सांगितलं, "दिसायला भारदस्त आहे, पण पिते फार." नेमक्या त्याच वेळी मागून विहीणबाई येत होत्या. त्या दिसायला भारदस्तच होत्या. पंगत उठेपर्यंत त्या आमच्याशी बोलल्या नाहीत, आणि मामांना शेवटपर्यंत कळलं नाही की गाडीची एवढी बाजू घेण्यासारखं त्यांनी काय म्हटलं.

आता मी माझ्याकडे येते, कारण मामांविषयी लिहायचं खरं कारण ते आहे. मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची, औषधांची, लग्नाला कोणी काय दिलं त्याची, पावसाळ्यापूर्वी करायच्या कामांची, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात आणि त्या मी पाळते. औषधांच्या एका वितरकाकडे माल रवाना करणाऱ्या विभागात माझी बावीस वर्षं झाली होती. ऑफिस गावात, घरापासून वीस मिनिटांवर. ते पुढच्या सोमवारपासून एकदम विजय नगरला हलवायचं ठरलं, आणि साहेबांनी मला बोलावून सांगितलं की तिकडं आलात तर विभाग तुम्हीच सांभाळा. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं होतं. बावीस वर्षं मी त्या एका वाक्याची वाट पाहिली होती, आणि ते आलं ते शहराच्या दुसऱ्या टोकाला.

घरी येऊन मी यादी केली. 'विजय नगर: जावं की नाही.' जावं याच्या खाली तीन मुद्दे आले, नाही याच्या खाली चौदा. नवऱ्याची बदली देपालपूरच्या बँकेत, तो सकाळी मोटारसायकलनं निघतो. घरात गाडी आहे, पण ती त्यानं हौसेनं घेतलेली मोठी गाडी, शहरात लिटरला नऊ किंवा दहा. रोज तिनं जायचं तर वाढलेला पगार पंपावरच उतरवून यायचा. बसनं दोन ठिकाणी बदलून दीड तास. सासूबाईंपाशी दिवसा बसणारी बाई साडेसहाला जाते, तोवर मला परत यायला हवं. आणि शेवटचा मुद्दा मी अगदी बारीक अक्षरात लिहिला होता: मला गाडी चालवता येत नाही. म्हणजे लायसन्स होतं. वीस वर्षांपूर्वी फूटी कोठीजवळच्या चढावर सिग्नलला गाडी थांबवली, परत निघताना ती मागं घसरली आणि एका टोमॅटोच्या गाड्यावर जाऊन थांबली. कोणाला लागलं नाही. भाजीवाला फार वाईटही बोलला नाही, फक्त म्हणाला, "बेनजी, चटनी आप बना दी, रोटी भी ले आतीं." त्या दिवसापासून लायसन्स माझ्या कपाटात 'कायमचे' असं लेबल लावलेल्या फायलीत होतं.

नवरा वाईट नाही. त्यानं यादी वाचली आणि म्हणाला, "राहू दे यार. इथंच जवळपास दुसरं काही बघू." पन्नाशीला आलेल्या बाईला जवळपास दुसरं काय मिळतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. यादी फ्रिजवर चिकटवलेली राहिली. रविवारी मामा बहिणीला भेटायला आले, पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेले आणि तिथंच उभं राहून त्यांनी ती पूर्ण वाचली.

"चौदातले नऊ तर पेट्रोलचेच आहेत," ते म्हणाले. "पेट्रोलपायी कोणी नोकरी सोडतं का?"

"सोडतात मामा. सोडावी लागते."

"मला विजय नगरला उद्यापासून रोज काम आहे. एका ठिकाणी पाण्याच्या लाइनचं बघायचंय. नऊला जायचं, साडेपाचला सुटायचं. तुला नेतो, आणतो. गाडी तशीही रिकामी जाते."

"तुम्हाला पगार देतात?"

"चहा देतात," मामा म्हणाले आणि पाणी प्यायले.

सासूबाई आतून म्हणाल्या, "अरे, आता उतारवयात कसलं काम धरलंस? आराम कर."

"ताई, उतारवयातच तर पेट्रोल कमी लागतं. आराम चढावर करायचा असतो."

मी अट घातली. एकच, पण लिहून दिली: उतारावर इंजिन बंद करायचं नाही. मामांची ही जुनी सवय होती आणि तिच्यामुळे ब्रेक नीट लागत नाहीत हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी कागद वाचला, दुःखानं घडी घातली आणि खिशात ठेवला. सोमवारी सकाळी सव्वाआठला ती पांढरी गाडी दारात उभी होती. मी पर्स काट्यावर ठेवली. "पाण्याची बाटली तिकडे भर," मामा म्हणाले.

पुढचे दीड-दोन महिने आम्ही असे गेलो आणि असे आलो. मी शहरात जन्मलेली, पण शहर मी त्या दिवसांत पाहिलं. मामा सांगत जात, इथं खाली नऊ इंची लाइन आहे, इथं खडक लागला होता, इथं आम्ही तीन रात्री काढल्या. महू नाक्यावरून नदीकडे जाताना गाडी कशी हलकी होते आणि पुढं पलासियाकडे चढताना कशी कण्हते, हे मला पायाच्या तळव्यांना कळायला लागलं. मी वेळेवर पोचत होते, सहा वाजून पंधरा मिनिटांनी घरात पाय ठेवत होते. साहेबांनी विभागाच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. मला वाटलं, हे असंच चालेल. चालणार नव्हतं. एके दिवशी मामा म्हणाले, "सूनबाई, माझं तिकडचं काम काही आयुष्यभराचं नाही. आता तू शीक."

"मला येत नाही मामा. चढावर गाडी मागं जाते."

"चढ शिकायचाच नाही आधी."

रविवारी सकाळी सुदामा नगराच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी मामांनी घरून डबा आणला. मला वाटलं नाश्ता असेल. त्यात भाजलेले उडदाचे पापड होते. एक पापड त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवर दोऱ्यानं बांधला आणि मला चप्पल काढायला सांगितली. "हा मोडला नाही पाहिजे." पहिला पापड गाडी सुरू व्हायच्या आतच मोडला. दुसरा कोपऱ्यापर्यंत टिकला. तिसरा मोडला तेव्हा एक म्हातारे गृहस्थ फिरायला चालले होते, ते खिडकीत वाकून म्हणाले, "क्या चल रिया है भिया?" मामा म्हणाले, "ट्रेनिंग." ते गृहस्थ पायाखालचा चुरा पाहून निघून गेले. चौथ्या रविवारी मी दोन किलोमीटर गेले आणि पापड अख्खा राहिला. मामांनी तो सोडवला, फुंकर मारली, अर्धा मला दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला. आयुष्यात मला बरीच प्रमाणपत्रं मिळाली आहेत, असं एकही खाल्लेलं नव्हतं.

पण खरी गोष्ट पुढच्या गुरुवारी झाली. मामांनी माझ्या हातात एक मोठा कागद दिला. पाइपलाइनच्या नकाशासारखा, निळ्या पेन्सिलनं काढलेला. माझ्या दारापासून विजय नगरच्या ऑफिसपर्यंत जायचा रस्ता, परत यायचा वेगळा, आणि त्यांवर बाण. मला वाटलं, झालं, हा पेट्रोल वाचवायचा रस्ता. मामा म्हणाले, "नाही. यात तीन किलोमीटर जास्त आहेत आणि पेट्रोलही जास्त जाईल. पण या रस्त्यावर एकही सिग्नल चढावर नाही. प्रत्येक ठिकाणी तू थांबशील ते सपाटीवर नाहीतर उतारावर. गाडी मागं जाणारच नाही. जाऊच शकत नाही." त्यांनी रोज जाता-येता ते सिग्नल पाहून ठेवले होते. ज्या विद्येची आम्ही इतकी वर्षं लग्नाकार्यांत थट्टा केली, तिनं माझी वीस वर्षांची भीती एका कागदावर सपाट करून दिली होती. शुक्रवारी मी गाडी चालवत ऑफिसला गेले. मामा शेजारी बसले होते, हात मांडीवर. पोचल्यावर म्हणाले, "ब्रेक सतरा वेळा दाबलास. चालेल."

मग नवी गाडी बघायची वेळ आली. नवऱ्याची मोठी गाडी विकायची आणि कमी खाणारी छोटी घ्यायची, यावर तोही आता राजी होता. मी यादी केली, मामांनी ती तपासली. सीएनजीला त्यांचा आक्षेप रांगेचा: "तासभर उभं राहायचं, त्याचं अ‍ॅव्हरेज कोण काढणार?" पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणाऱ्या हायब्रिडची किंमत वाचून ते म्हणाले, "एवढ्यात तर मी उतारासकट एक टेकडी घेईन." आणि बॅटरीच्या गाडीचं नावही त्यांना नको होतं. "मोबाइलला चाकं लावलीत. मोबाइल दुपारी बंद पडतो, ही कधी पडेल?" कंपन्या जे आकडे सांगतात त्यावर तर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. "कुठल्या रस्त्यावर मोजलं त्यांनी? फूटी कोठीवर मोजा म्हणावं."

एके संध्याकाळी परतीच्या रस्त्यावर आम्ही नदी ओलांडली. मामा म्हणाले, "सूनबाई, आज एक गोष्ट कळली. ती बॅटरीची गाडी उतारावर सोडली ना, की बॅटरी परत भरते. ब्रेक दाबला तरी थोडी भरते."

"हो मामा, मी वाचलंय ते."

"तू वाचलंस आणि मला सांगितलं नाहीस?" त्यांचा आवाज दुखावलेला होता. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "जन्मभर आम्ही पाणी वर चढवलं. खाली येताना ते कधी काही परत देत नव्हतं. ही देते." माणसाला उशिरा जोडीदार भेटावा तसं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. बॅटरीची छोटी गाडी घ्यायचं त्या दिवशी ठरलं. दारात जागा होती, अंगणात वायर ओढता येत होती, नवरा देपालपूरला मोटारसायकलनंच जात होता. यादीतल्या चौदा मुद्द्यांवर मी एकेक रेघ मारली. मामांना ही गोष्ट कुठं कळली, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. एवढी मी नीटनेटकी, पण तो मुद्दा यादीत घ्यायचा राहिला.

शनिवारी गाडी नोंदवायला मी आणि नवरा विजय नगरच्या शोरूममध्ये गेलो. मामांना फार आग्रह केला, ते आले नाहीत. काम आहे म्हणाले. तिथल्या मुलीनं अर्जावर पत्ता लिहून घेतला, सुदामा नगर वाचलं आणि मान वर केली. "मॅडम, आप अंकलजी की बहू हैं क्या? साढ़े पांच वाली?"

मला काही समजेना. ती हसून सांगू लागली. अंकलजी दोन महिने रोज येत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं की गाडी घ्यायची नाही, बहूला साडेपाचला न्यायचं आहे, तोवर बसू द्या. कोपऱ्यातल्या खुर्चीकडे तिनं बोट दाखवलं. तिथं ते डबा खात, पेपर वाचत, येणाऱ्याजाणाऱ्यांना टायरमध्ये हवा किती असावी ते सांगत. पहिल्या आठवड्यात त्यांनी शोरूमच्या पाण्याच्या टाकीचा फ्लोट बदलून दिला, दुसऱ्यात गळणारे नळ. "सर ने तो बोल दिया था, अंकलजी को दो बार चाय देना."

नवरा म्हणाला, "पण घरी का नाही गेले? सोडून परत जायचं, संध्याकाळी पुन्हा यायचं."

उत्तर मला लगेच समजलं, कारण एव्हाना मला मामांसारखा विचार करता यायला लागला होता. परत जायचं आणि पुन्हा यायचं म्हणजे पेट्रोल दुप्पट. ते त्यांना शक्यच नव्हतं. म्हणून ते आठ तास बसले. शेवेची पिशवी काट्यावर तोलणाऱ्या या माणसाला विजय नगरात काडीचंही काम नव्हतं, आणि तरी त्यानं दोन महिने शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेट्रोल जाळलं होतं. मी अर्जावर सही केली.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. ते अंगणात गाडी पुसत होते. "मामा, विजय नगरला तुमचं काम काय होतं?"

त्यांनी फडकं पिळलं. "त्यांचा फ्लोट पार गेला होता. रोज टाकी वाहत होती. असं सोडून कसं यायचं?"

"फ्लोटला दोन महिने लागतात?"

"पाणी खात्यात होतो मी," मामा म्हणाले. "आम्हाला लागतात."

आभार मानायला मी काही वाक्यं ठरवून गेले होते, ती तशीच परत आणली. त्यांनी मला टायर दाखवला, कसा एका बाजूनं झिजलाय, आणि मी तो बारकाईनं पाहिला.

याला आता दोन वर्षं होतील. विभागात माझ्या हाताखाली सहा जणं आहेत. चढावर थांबता येतं, निघता येतं. गेल्या दिवाळीनंतर मामांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कडेचं दिसत नाही. गाडी चालवू नका असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मामांनी वाद घातला नाही. घरी येऊन स्वतःच किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ताईला सांगू नकोस एवढ्यात." महिन्यातून एकदा त्यांना तपासायला मी घेऊन जाते. ऑफिसातून दोन तासांची सुट्टी टाकते, साहेब काही बोलत नाहीत.

परवा तिथून परत येत होतो. दुपारचे चार वाजले असतील, ऊन कडक. महू नाक्याला मी सवयीनं विचारलं, "मामा, इकडून जाऊ की आतून?"

"तू ठरव," मामा म्हणाले.

असं ते कधी म्हणाले नव्हते. मी वळून पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते, डोळ्यांत औषध घातल्यामुळे असेल. मी ठरवलं आणि निघाले. पुढच्या चौकापर्यंत त्यांना झोप लागली, मान खिडकीकडे कलली. त्यांच्या दारात पोचल्यावर मी त्यांना उठवलं नाही. गाडी सावलीत लावली आणि तशीच बसून राहिले, दहा मिनिटं, कदाचित जास्त. एसी चालू ठेवला होता. जागे असते तर त्यांनी तो बंद करायला लावला असता.